कै. चिंतामणराव देशमुख : कामाच्या जागी वागावे कसे याचा एक धडा

परीक्षेतील गुण मनुष्यास नोकरीच्या दारापर्यंत नेऊन पोचवितात. दाराच्या आत पाऊल पडले की निराळ्याच गुणांची परीक्षा सुरू होते. दुसऱ्याचे म्हणणे पुरते ऐकून घेणे, आपले म्हणणे थोडक्यात व स्पष्ट लिहिणे, चारचौघांत धीटपणे पण मर्यादेने बोलणे, मतभेद झाला तरी मन कलुषित होऊ न देणे, हे ते गुण होत. हल्ली महाविद्यालयांतून यांना ‘सॉफ्ट स्किल्स’ म्हणतात व त्यांचे वर्गही भरतात. परंतु असे गुण उपजतच असावे लागतात, ते शिकवून येत नाहीत, सबब या वर्गांत मुलांचा वेळ फुकट जातो, अशी पुष्कळ पालकांची समजूत आमच्या पाहण्यात आहे. ही समजूत कितपत खरी आहे, हे आपल्याच रोह्याचे भूषण असलेले कै. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांच्या चरित्रावरून पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

चिंतामणरावांचा जन्म 14 जानेवारी 1896 रोजी रायगड किल्ल्याच्या परिसरातील नाते या गावी झाला. वडील द्वारकानाथ गणेश हे वकील होते. मातोश्री भागीरथीबाई धर्मशील होत्या. बालपणाचा बराच काळ रोह्यास गेला. पुढे मुंबईस एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत असता 1912 साली ते मॅट्रिकच्या परीक्षेत मुंबई विद्यापीठात पहिले आले व संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी मिळविली. नंतर ते केंब्रिजच्या जीझस कॉलेजात गेले. तेथे 1917 साली त्यांनी सृष्टिशास्त्रांची पदवी घेतली आणि वनस्पतिशास्त्राचे फ्रँक स्मार्ट पारितोषिक पटकाविले. लागलीच 1918 साली लंडन येथे झालेल्या आय. सी. एस. परीक्षेतही त्यांचा पहिला नंबर आला.

गुणांच्या जोरावरच माणूस मोठा होत असता, तर हे चरित्र येथेच संपविता आले असते. खरे शिक्षण येथून पुढे सुरू झाले. त्यांची नेमणूक मध्यप्रांत व वऱ्हाड येथे झाली. जमाबंदी अधिकाऱ्याचे काम म्हणजे गावोगाव हिंडून जमिनीचा मगदूर पाहणे, शेतकऱ्याची तक्रार त्याच्या बांधावर उभे राहून ऐकणे व तिचे सार सरकारी कागदावर उतरविणे. केंब्रिजच्या पदवीधराला हे काम कोणत्याही पुस्तकाने शिकविलेले नव्हते. पुढे 1931 साली लंडनच्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयात त्यांनी काम केले. त्या परिषदेस महात्मा गांधी उपस्थित होते. अशा ठिकाणी सचिवाने स्वतः बोलावयाचे नसते; परस्परविरोधी मते मांडणाऱ्या सर्वांचे म्हणणे, रंग न चढविता, जसेच्या तसे टिपावयाचे असते. गावचा बांध आणि लंडनचे सभागृह या दोन जागांनी एकच विद्या शिकविली, असे आम्हांस वाटते. ती विद्या म्हणजे ऐकण्याची.

रिझर्व्ह बँकेत ते 1939 साली आले आणि 11 ऑगस्ट 1943 रोजी त्या बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. जुलै 1944 मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे 44 राष्ट्रांची आर्थिक परिषद भरली, तेव्हा हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात ते होते. महायुद्धात इंग्लंडकडे साचलेल्या हिंदुस्थानच्या येण्याचा प्रश्न शिष्टमंडळाने तेथे नेटाने मांडला. परिषदेने तो आपल्या कक्षेत घेतला नाही. तथापि शिष्टमंडळ रुसून बसले नाही. नव्या नाणेनिधीत देशाचा वाटा 40 कोटी डॉलरांचा ठरवून ते परतले. रशियाने सभासदत्व न घेतल्यामुळे त्या वाट्याच्या आधारे हिंदुस्थान पहिल्या पाच राष्ट्रांत गणला गेला. एक मागणी फेटाळली गेली म्हणून दुसरीचा नाद सोडू नये, हा व्यवहाराचा धडा यात आहे.

फाळणीनंतर तर प्रसंग अधिकच नाजूक आला. दोन देशांत मने दुभंगली असताना 30 जून 1948 पर्यंत पाकिस्तानचीही मध्यवर्ती बँक म्हणून रिझर्व्ह बँकच काम पाहत होती. दोन्ही सरकारांशी व्यवहार ठेवणे हे गव्हर्नरांच्या संयमाची कसोटी पाहणारे काम होते.

सन 1950 मध्ये ते देशाचे अर्थमंत्री झाले व 1952 साली आपल्या कुलाबा जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून आले. 1955 साली स्टेट बँक स्थापन झाली ती त्यांच्याच कारकीर्दीत. परंतु मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याचा निर्णय त्यांस पटला नाही, आणि 1956 साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. आपली कारणे त्यांनी संसदेत उघडपणे मांडली. त्याच वर्षी ते विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष झाले. ज्या सरकारशी एका प्रश्नावर पटले नाही, त्याच सरकारच्या शिक्षणकार्यात त्यांनी मनापासून भाग घेतला. मतभेद कामाशी असावा, माणसाशी वैर नसावे, हे बोलणे सोपे, आचरणे कठीण.

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे वळू. वागणुकीचे हे गुण शिकविता येतात काय? हैदराबाद येथे 1956 साली अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. 1959 पासून 1973 पर्यंत चिंतामणराव तिचे धुरीण होते. इंग्लंडातील हेन्ली येथील संस्थेच्या नमुन्यावर ती उभारलेली होती. तेथे शिकावयास येत ते कोवळे विद्यार्थी नव्हेत, तर सरकारी खात्यांतील व कारखान्यांतील अनुभवी अधिकारी. त्यांच्या लहान लहान तुकड्या पाडीत. प्रत्येक तुकडीस एक विषय मिळे. आळीपाळीने एकजण अध्यक्ष होई, दुसरा सचिव. अध्यक्षाने सर्वांना बोलते करावयाचे, सचिवाने निष्कर्ष लिहून काढावयाचा, आणि मग तो सर्वांपुढे मांडून प्रश्नांस उत्तरे द्यावयाची. आज जो अध्यक्ष, तो उद्या साधा सभासद. म्हणजे हुकूम देणे व हुकूम पाळणे दोन्ही शिकणे आले. पिकल्या केसांच्या अधिकाऱ्यांनाही जे शिकविणे इष्ट वाटले, ते अठरा वर्षांच्या मुलास उपजत यावे, अशी अपेक्षा आपण का करावी?

चिंतामणराव 1962 ते 1967 या काळात दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. 1959 साली त्यांस मॅगसेसे पुरस्कार व 1975 साली पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. 1969 साली राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत ते उभे राहिले, परंतु त्यांस यश आले नाही. कालिदासाच्या मेघदूताचे त्यांनी मराठीत भाषांतर केले. 2 ऑक्टोबर 1982 रोजी हैदराबाद येथे त्यांचे देहावसान झाले. रोह्यातील महाविद्यालयास त्यांचे नाव दिलेले आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कित्येक उद्या धाटावच्या कारखान्यांत, पेणच्या कचेऱ्यांत वा मुंबईच्या पेढ्यांत कामास लागतील. त्यासाठी तयारी आजच करता येईल. वर्गाच्या सभेचे अध्यक्षपद आळीपाळीने घ्या. सभेचा वृत्तांत एका पानात लिहावयास शिका. मित्राचे बोलणे मध्येच तोडू नका. वेळ दिली तर ती पाळा. आणि पालकहो, मुलाचे गुणपत्रक पाहताना, त्याने या वर्षी चारचौघांपुढे उभे राहून काय सांगितले व दुसऱ्याचे काय ऐकून घेतले, एवढेही त्यास विचारीत जा. पहिला नंबर सर्वांच्या वाट्यास येत नाही. ऐकण्याची आणि शब्द पाळण्याची सवय मात्र ज्याने त्याने स्वतःस लावून घेण्याजोगी आहे.