पंडित भगवानलाल इंद्रजी

कल्याणाहून कर्जतेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही गावे एकापाठोपाठ लागतात. आमच्या वाचकांपैकी पुष्कळ जण कामधंद्यानिमित्त ह्या वाटेने जात-येत असतील. अंबरनाथास वालधुनी नदीच्या काठी काळ्या पाषाणाचे एक प्राचीन शिवालय आहे. त्याच्या उत्तरेकडील दारावरच्या तुळईवर आतील बाजूस काही ओळी कोरलेल्या आहेत. त्यांत शकाचा आकडा आहे. त्या आकड्याचा पहिला अंक सात की नऊ, ह्या एका गोष्टीवर दोनशे वर्षांचा हिशेब अवलंबून होता. तो अंक ज्यांनी नीट वाचला, त्या पुरुषाचे चरित्र आज आम्ही वाचकांस सादर करीत आहो. आपल्या देशावर परक्यांचे राज्य होते व आपला इतिहासही बहुधा परकेच लिहीत होते, अशा काळी हे गृहस्थ आपल्या डोळ्यांनी आपले जुने लेख वाचू लागले. म्हणून त्यांची ओळख आम्हांस अगत्याची वाटते.

भगवानलाल इंद्रजी यांचा जन्म सन १८३९ मध्ये काठेवाडातील जुनागड येथे एका ब्राह्मण कुटुंबात झाला. घरी संस्कृत व वैद्यक ह्यांचे अध्ययन चालत असे. गावाजवळच गिरनार पर्वताच्या वाटेवर एक प्रचंड खडक आहे. त्यावर सम्राट अशोकाच्या आज्ञा, क्षत्रप रुद्रदामन् याचा लेख व गुप्त राजा स्कंदगुप्त याचा लेख असे तीन निरनिराळ्या काळांचे लेख आहेत. स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन यांनी सन १८३५ मध्ये तो खडक पाहिला होता, आणि त्यावरील लेखांच्या नकला पुढे कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेप यांच्या हाती गेल्या. प्रिन्सेप यांनी सन १८३७ च्या सुमारास ती विसरलेली लिपी उलगडली. तथापि जुनागडच्या लोकांस तो खडक म्हणजे केवळ एक गूढच होते. तरुण भगवानलाल यांनी प्रिन्सेप यांची अक्षरमाला मिळविली, ती पाठ केली, आणि उन्हातान्हात खडकाजवळ बसून एकेक अक्षर ताडून पाहण्याचा क्रम आरंभिला. शाळा नव्हती आणि गुरूही नव्हता. होता तो खडक व चिकाटी, एवढेच.

ही वार्ता मुंबईस डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या कानी गेली. भाऊ दाजी हे मूळचे गोमंतकातील, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक, नावाजलेले वैद्य व प्राचीन विद्येचे मोठे व्यासंगी. त्यांनी ह्या तरुणास मुंबईस बोलाविले. तेव्हा भगवानलाल यांचे वय बाविशीच्या आसपास होते. पुढे बारा-तेरा वर्षे ते भाऊ दाजींच्या खर्चाने व आज्ञेने देशभर हिंडले. नाशिक, कार्ले, अजिंठा येथील लेणी, राजपुताना, उत्तर हिंदुस्थान व अखेरीस नेपाळ, अशी त्यांची भ्रमंती झाली. रेल्वे थोडी व रस्ते वाईट, असा तो काळ. सांगोवांगीवर विश्वास न ठेवता ते स्वतः दगडापाशी जात, ठसा घेत आणि एकदा वाचलेले पुन्हा वाचून पाहत.

ते नेपाळात असताना सन १८७४ च्या मे महिन्यात भाऊ दाजी निवर्तले. आश्रय तुटला, पण काम सुटले नाही. भगवानलाल यांस इंग्रजीचे ज्ञान बेताचेच होते. ते आपले निबंध गुजरातीत लिहीत व इतर विद्वान त्यांचे भाषांतर करीत. नेपाळातील तेवीस लेखांवरील त्यांचा निबंध जर्मन पंडित ब्यूलर यांनी इंग्रजीत आणला. आपल्या ठाणे व पुणे जिल्ह्यांच्या सीमेवरील नाणेघाटातील लेखावरून त्यांनी प्राचीन अंकचिन्हांचा उलगडा करण्याचा मोठा प्रयत्न केला. सन १८८२ मध्ये सोपारा येथे त्यांनी जुना स्तूप उकरला. त्यात दगडी पेटी व एकात एक ठेवलेले करंडक निघाले. त्याच गावी अशोकाच्या आठव्या आज्ञेचा एक तुकडाही मिळाला. लायडन विद्यापीठाने त्यांस सन्माननीय डॉक्टर केले.

आता अंबरनाथकडे वळू. तेथील लेख प्रथम भाऊ दाजींनी प्रसिद्ध केला व त्याचा शक ७८२, म्हणजे इसवी सन ८६०, असा वाचला. त्यांच्या पश्चात भगवानलाल यांनी तोच लेख पुन्हा तपासला व शक ९८२, म्हणजे सन १०६०, असा निर्णय दिला. लेखात उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील राजा माम्वाणी याचे नाव आहे. त्या राजांचा क्रम नव्या शकाशी जुळतो, आणि आज विद्वान हीच मिती मानतात.

वाचकहो, ज्याने आपणांस रस्त्यावरून उचलून विद्येच्या मंदिरात आणले, ज्याचे अन्न आपण खाल्ले, त्याची चूक जगापुढे दुरुस्त करणे सोपे नाही. गुरूच्या मानासाठी सात हा अंक तसाच राहू दिला असता, तर कोणी दोष दिला नसता. परंतु तसे करणे म्हणजे सत्यास बाध आणणे होय, हे ते जाणून होते. तसेच, गुरूची चूक सापडली म्हणून त्यांनी गुरूस टाकलेही नाही. सन १८८८ च्या मार्च महिन्यात, पन्नाशीही न गाठता, ते मुंबईत वारले. त्यांनी आपली नाणी व शिलालेख लंडनच्या ब्रिटिश म्युझियमास दिले, आणि आपली हस्तलिखिते मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत भाऊ दाजींच्या संग्रहाशेजारी ठेवावीत अशी इच्छा दर्शविली. सत्य व कृतज्ञता ह्या दोन गोष्टी एका अंतःकरणात नांदू शकतात, ह्याचा हा पुरावा होय.

सन १९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला. त्याच वेळी सिंधमधून घरदार सोडून आलेले हजारो लोक कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरले, आणि सन १९४९ मध्ये त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथच्या देवळापासून ती फार दूर नाही. त्या लोकांपाशी कोरलेले दगड नव्हते, आठवणी होत्या. राष्ट्राचा इतिहास राजांच्या शिळांत असतो, तसा सामान्य माणसांच्या आठवणींतही असतो. दोन्ही जतन करावयाचे, तर प्रामाणिक वाचणारा व प्रामाणिक लिहिणारा पाहिजे.

हे काम आमच्या आवाक्याबाहेरचे आहे, असे कोणा उपदेशकाने म्हणू नये. आपल्या शिवारात गधेगाळ, वीरगळ किंवा अक्षरे कोरलेला दगड आढळला, तर तो फोडून बांधकामात घालू नये, जाणत्यास दाखवावा. मंडळीच्या दप्तरात बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांची मिती अंदाजाने न लिहिता विचारून लिहावी. मागील लिहिणाऱ्याची चूक आढळल्यास ती नम्रपणे सुधारावी आणि त्याचा मान राखावा. आज आपण जो अंक लिहितो, तो उद्या कोणीतरी खरा मानून वाचणार आहे.