पडदे रंगवणाऱ्या कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांनी कॅमेराच घरी बनवला होता

एअरब्रश घ्यायला गेलं की पहिला प्रश्न येतो, सुई ०.२ मिलिमीटरची घ्यायची की ०.५ ची? पहिली पापण्या, केस, बारीक रेषा काढायला. दुसरी मोठी जागा भरायला. म्हणजे काम कुठलं आणि बघणारा किती लांब उभा आहे, यावर हत्यार ठरतं.

कोल्हापुरात शंभर वर्षांपूर्वी हे गणित बाबुराव पेंटरांना पक्कं जमलं होतं. एअरब्रशचा विषय नव्हता, हातात साधा ब्रश होता. आणि ब्रशनं भागेना तेव्हा त्यांनी थेट कॅमेरा बनवला.

खरं नाव बाबुराव कृष्णराव मेस्त्री, जन्म ३ जून १८९०. चित्रकला, शिल्पकला ते स्वतःच शिकले. नात्यानं भाऊ असलेले आनंदराव जोडीला होते. १९१० ते १९१६ या काळात संगीत नाटकांचे पडदे रंगवण्यात या दोघांचं नाव पश्चिम भारतात गाजत होतं. इतकं की धंदाच आडनाव झाला आणि मेस्त्रींचे पेंटर झाले.

नाटकाचा पडदा म्हणजे लांबून बघायचं चित्र. शेवटच्या रांगेतल्या माणसाला राजवाड्याचा खांब गोल दिसला पाहिजे. तिथं नक्षीपेक्षा सावली महत्त्वाची. पण पडदा कितीही भारी असला, तरी नट जवळ जाऊन उभा राहिला की तो सपाट कापडच असतो. हे तो रंगवणाऱ्याइतकं कुणाला कळणार?

अशात १९१३ ला दादासाहेब फाळकेंचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि दोघांना सिनेमाचं वेड लागलं. कॅमेरा आपणच जोडायचा असं ठरलं.

आता यात अवघड काय होतं? फिल्मच्या कडेला भोकं असतात. त्यात दाते अडकून फिल्म एक चौकट पुढं सरकते, भिंगासमोर क्षणभर थांबते, परत सरकते. दात्यात केसभर फरक पडला तरी पडद्यावर चित्र थरथरतं. पापणी रंगवण्यापेक्षा बारीक काम, तेही धातूत.

१९१६ ला आनंदराव गेले. कॅमेरा अर्धवटच होता. बाबुरावांनी तो सोडला नाही. शिष्य विष्णुपंत दामलेंना घेऊन १९१८ ला त्यांनी तो चालू करून दाखवला. पुढं गायिका तानीबाई कागलकर यांनी पैसे दिले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

पहिला सिनेमा 'सैरंध्री', १९२० चा. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरनं कात्री चालवली. लोकमान्य टिळकांनी मात्र बाबुरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली.

पुढची गोष्ट जास्त भारी आहे. पडदे रंगवून मोठ्या झालेल्या या माणसानं आपल्या सिनेमातून रंगवलेले पडदेच काढून टाकले. कॅमेरा जवळून बघतो, त्याला कापड फसवू शकत नाही. मग खोली असलेले सेट आले, कपड्यांची, पात्रांची आधी स्केचेस व्हायला लागली. १९२३ च्या 'सिंहगड'साठी कृत्रिम प्रकाश वापरला. १९२५ ला 'सावकारी पाश' आला, त्यात तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम.

१९२९ ला शांताराम, दामले, फत्तेलाल बाहेर पडले आणि 'प्रभात' काढली. बोलपट आले तशी महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. बाबुरावांनी नंतरही थोडे सिनेमे केले, पण मन रमलं ते चित्रं आणि शिल्पांत. १६ जानेवारी १९५४ ला ते गेले.

ब्रश त्यांनी सिनेमाच्या दिवसांतही सोडला नव्हता. सिनेमा काळापांढरा होता, रंग होते ते थिएटरबाहेरच्या पोस्टरवर, आणि ही पोस्टर बाबुराव स्वतः रंगवायचे. त्यांचे बहुतेक मूकपट आज बघायला मिळत नाहीत. १९२४ च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर मात्र टिकलंय.