दोन देशांची जर्सी, दोन अंतिम सामने : लुईस मोंती यांची कहाणी

नवी दिल्ली : विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना दोन वेगवेगळ्या देशांकडून खेळलेला खेळाडू आजवर एकच झाला. लुईस मोंती हे त्यांचे नाव. 1930 मध्ये माँटेव्हिडिओ येथे ते अर्जेंटिनाच्या बाजूने मैदानात उतरले आणि पराभूत झाले. त्यानंतर चार वर्षांनी रोम येथे ते इटलीकडून खेळले आणि विश्वविजेते ठरले. कोणत्या देशाकडून खेळावे, हा प्रश्न आज जगभरातील अनेक तरुण खेळाडूंपुढे उभा राहतो. मोंती यांच्यापुढे तो अशा काळात आला, की त्याचे उत्तर केवळ त्यांच्या हाती राहिले नव्हते.

मोंती यांचा जन्म 15 मे 1901 रोजी ब्युनोस आयर्स येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे इटालियन. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीतील लाखो कुटुंबे दारिद्र्याला कंटाळून अटलांटिक महासागर ओलांडून अर्जेंटिनात आली. बंदरे, रेल्वे, कत्तलखाने आणि शेती यांत ती राबली. त्यांची मुले स्पॅनिश बोलत वाढली. इंग्रज व्यापारी व रेल्वे कर्मचाऱ्यांनी आणलेला फुटबॉल याच मुलांनी वस्तीवस्तीत रुजवला. मोंती हे त्या पिढीचे प्रतिनिधी होते.

वस्तीतून राष्ट्रीय संघात

1921 मध्ये हुराकान या क्लबकडून मोंती यांनी कारकिर्दीस प्रारंभ केला आणि त्याच वर्षी क्लबने विजेतेपद मिळवले. पुढे ते हुराकानचा शेजारी व प्रतिस्पर्धी असलेल्या सान लोरेन्झो क्लबमध्ये दाखल झाले. तेथे 1923, 1924 आणि 1927 अशी तीन विजेतेपदे त्यांच्या वाट्याला आली. ते सेंटर हाफ म्हणून खेळत. त्या काळात ही जागा संघाचा कणा मानली जाई. प्रतिस्पर्ध्याचे आक्रमण मोडून काढायचे आणि त्याच चेंडूवर आपले आक्रमण उभे करायचे, ही दोन्ही कामे त्या एका खेळाडूने करायची असत. मोंती मैदानाचा इतका मोठा भाग व्यापत, की त्यांना ‘दुप्पट रुंद’ अशा अर्थाचे टोपणनाव मिळाले.

त्यांच्या खेळाची दुसरी बाजूही लपवण्यासारखी नाही. ते अत्यंत कठोर आणि प्रसंगी निर्दय खेळत. त्यांच्या धडकेने जायबंदी झालेल्या प्रतिस्पर्ध्यांची संख्या कमी नव्हती. मात्र दूरवर अचूक पास देण्याची हातोटी आणि खेळाचे भान यांमुळे केवळ दांडगट म्हणून त्यांची वासलात लावता येत नाही.

1924 मध्ये ते अर्जेंटिनाकडून पहिल्यांदा खेळले. 1927 च्या दक्षिण अमेरिकी अजिंक्यपद विजेत्या संघात ते होते. पुढच्या वर्षी ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये अर्जेंटिनाने अंतिम फेरी गाठली. 10 जून 1928 रोजी उरुग्वेविरुद्धचा सामना 1-1 असा बरोबरीत सुटला. तीन दिवसांनी तो पुन्हा खेळवण्यात आला. त्यात मोंती यांनी अर्जेंटिनाला बरोबरी साधून दिली. तथापि उरुग्वेने 2-1 अशी बाजी मारली आणि अर्जेंटिनाला रौप्यपदकावर समाधान मानावे लागले.

माँटेव्हिडिओचा दिवस

1930 च्या पहिल्या विश्वचषक स्पर्धेत अर्जेंटिनाचा पहिला गोल मोंती यांच्याच नावावर आहे. 15 जुलै रोजी फ्रान्सविरुद्ध सामना संपण्यास थोडा अवधी असताना त्यांनी फ्री किकवर तो केला आणि अर्जेंटिनाने 1-0 असा विजय मिळवला. याच सामन्यात, दोन दिवसांपूर्वी विश्वचषकाच्या इतिहासातील पहिला गोल करणारे फ्रान्सचे लुसियाँ लोराँ त्यांच्या धडकेने जखमी झाले. चिलीविरुद्धच्या सामन्यात मोंती यांच्या एका फाउलवरून दोन्ही संघ हातघाईवर आले. उपांत्य फेरीत अमेरिकेविरुद्ध पहिला गोल पुन्हा त्यांनीच केला आणि अर्जेंटिनाने तो सामना 6-1 असा जिंकला.

अंतिम सामना 30 जुलै रोजी सेंतेनारिओ स्टेडियमवर झाला. प्रतिस्पर्धी यजमान उरुग्वे होता. ला प्लाता नदीच्या दोन काठांवरील या शेजाऱ्यांमधील चुरस इतकी टोकाची होती, की कोणाच्या चेंडूने खेळायचे यावरूनही एकमत होईना. अखेर पूर्वार्ध अर्जेंटिनाच्या चेंडूने आणि उत्तरार्ध उरुग्वेच्या चेंडूने खेळवण्यात आला. मध्यंतराला अर्जेंटिना 2-1 असा आघाडीवर होता. उत्तरार्धात उरुग्वेने तीन गोल केले आणि सामना 4-2 असा जिंकला.

सामन्यापूर्वी मोंती यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या. एरवी प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर धावून जाणारे मोंती त्या दिवशी बिचकत खेळले. पडलेल्या प्रतिस्पर्ध्याला हात देऊन उठवणारा हा सौम्य सेंटर हाफ पाहून त्यांचे सहकारीही चकित झाले. पराभवानंतर ब्युनोस आयर्समध्ये संतापाची लाट उसळली. उरुग्वेच्या वकिलातीवर दगडफेक झाली. संघाचा कणा समजला जाणारा खेळाडूच मोडला, असा ठपका मोंती यांच्यावर आला. ज्या जर्सीसाठी सहा वर्षे खेळले, तिच्याच चाहत्यांच्या नजरेत ते भित्रे ठरले.

इटलीचे बोलावणे

याच सुमारास ट्यूरिनच्या युव्हेंटस क्लबने त्यांच्याशी संपर्क साधला. त्यामागे एक नियम होता. 1926 मध्ये इटलीतील फॅसिस्ट राजवटीने फुटबॉलची फेररचना करताना परदेशी खेळाडूंना दारे बंद केली. तथापि परदेशात जन्मलेल्या इटालियन वंशाच्या खेळाडूंना हा नियम लागू नव्हता. इटालियन कायद्यानुसार नागरिकत्व रक्ताच्या नात्याने पुढील पिढ्यांकडे जात असे, त्यामुळे असे खेळाडू परदेशी मानले जात नसत. त्यांना ‘ओरिउंदी’ म्हटले जाई. दक्षिण अमेरिकेतील गुणवान खेळाडू हेरण्याचा राजमार्गच त्यातून इटालियन क्लबना मिळाला. ॲमस्टरडॅमच्या संघातील मोंती यांचे सहकारी राइमुंदो ओर्सी त्याच मार्गाने आधीच युव्हेंटसमध्ये पोहोचले होते.

अर्जेंटिनात तोवर उघड व्यावसायिक फुटबॉल नव्हते. ते 1931 मध्ये सुरू झाले. तिशीला टेकलेल्या, स्वतःच्या देशात टीकेचे धनी झालेल्या खेळाडूला युव्हेंटसचा प्रस्ताव नाकारण्याचे कारण उरले नव्हते. आर्थिक स्थैर्य, मानसन्मान आणि नवी सुरुवात, असे सारे काही त्यात होते. आजोबा-पणजोबा ज्या वाटेने पोटासाठी गेले, त्याच वाटेने उलट दिशेला नातू निघाला. त्यालाही कारण पोटाचेच होते.

1931 मध्ये ट्यूरिनला पोहोचलेले मोंती खेळण्याच्या स्थितीत नव्हते. वजन वाढले होते आणि दम टिकत नव्हता. त्यांनी महिनाभर एकट्याने कठोर सराव करून शरीर पूर्वपदावर आणले. त्यानंतर युव्हेंटसने 1931-32 पासून 1934-35 पर्यंत सलग चार वेळा इटलीची लीग जिंकली. त्या संघाच्या मध्यभागी मोंती होते. संपलेला खेळाडू म्हणून ज्यांची गणना झाली होती, त्यांच्या कारकिर्दीचा सर्वाधिक यशस्वी कालखंड तिशीनंतर सुरू झाला.

निळी जर्सी

इटलीचे प्रशिक्षक व्हित्तोरिओ पोझ्झो यांना नेमक्या अशाच सेंटर हाफची गरज होती. बचावापुढे ठाण मांडून बसणारा आणि तेथून दोन्ही बाजूंना लांब पास देणारा खेळाडू हा त्यांच्या व्यूहरचनेचा पाया होता. 1932 मध्ये मोंती इटलीकडून प्रथम खेळले. एका देशाकडून खेळलेल्याने दुसऱ्या देशाकडून खेळू नये, अशी मनाई तेव्हा आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत नव्हती. टीका मात्र होत होती. पोझ्झो यांचा युक्तिवाद असा होता, की इटालियन वंशाच्या या मुलांना इटलीसाठी सैन्यात भरती व्हावे लागते. जे देशासाठी मरू शकतात, ते देशासाठी खेळूही शकतात.

1934 ची विश्वचषक स्पर्धा इटलीत झाली. मुसोलिनी राजवटीला ती राष्ट्राच्या सामर्थ्याचे प्रदर्शन म्हणून हवी होती. 27 मे रोजी रोममध्ये इटलीने अमेरिकेला 7-1 असे नमवले. त्याच दिवशी बोलोन्या येथे अर्जेंटिना स्वीडनकडून 2-3 असा हरून स्पर्धेबाहेर पडला. आपले आणखी खेळाडू इटालियन क्लब पळवतील या धास्तीने अर्जेंटिनाने व्यावसायिक खेळाडूंना पाठवलेच नव्हते. हौशी खेळाडूंचा संघ उतरवला होता. मोंती यांचा जुना देश आणि नवा देश एकाच दिवशी, एकाच देशात खेळले आणि त्यांच्या वाटा तेथेच वेगळ्या झाल्या.

उपांत्यपूर्व फेरीत फ्लोरेन्स येथे स्पेनशी 1-1 अशी बरोबरी झाली. दुसऱ्याच दिवशी झालेला फेरसामना इटलीने 1-0 असा जिंकला. मिलान येथील उपांत्य सामन्यात ऑस्ट्रियाचे माथियास सिंडेलार समोर होते. सडपातळ बांध्यामुळे ‘कागदी माणूस’ म्हणून ओळखले जाणारे सिंडेलार हे त्या काळातील युरोपचे सर्वांत कलात्मक आक्रमक. मोंती यांनी त्यांना सावलीसारखे जखडून ठेवले. एकमेव गोल एन्रिके ग्वाइता यांनी केला. तेही अर्जेंटिनात जन्मलेले.

अंतिम सामना 10 जून 1934 रोजी रोम येथे झाला. सहा वर्षांपूर्वी त्याच तारखेला मोंती अर्जेंटिनाकडून ऑलिंपिकचा अंतिम सामना खेळले होते. मुसोलिनी स्टेडियममध्ये उपस्थित होते. शेवटच्या वीस मिनिटांत चेकोस्लोव्हाकियाने आघाडी घेतली. ओर्सी यांनी बरोबरी साधली आणि अतिरिक्त वेळेत आंजेलो स्कियाव्हिओ यांनी विजयी गोल केला. इटली 2-1 असा विश्वविजेता झाला. अंतिम संघात मोंती, ओर्सी आणि ग्वाइता असे तिघे अर्जेंटिनात जन्मलेले खेळाडू होते. माँटेव्हिडिओत जिंकलो असतो तर जीव गेला असता आणि रोममध्ये हरलो असतो तरीही, अशा आशयाचे एक विधान मोंती यांच्या नावावर पुढे कायम सांगितले गेले. दोन्ही देशांनी त्यांच्याकडून काय मागितले, हे त्यातून समजते.

किंमत

त्याच वर्षी 14 नोव्हेंबरला लंडनच्या हायबरी मैदानावर इटलीची गाठ इंग्लंडशी पडली. सुरुवातीच्याच मिनिटांत मोंती यांच्या पायाचे हाड मोडले. बदली खेळाडूची सोय तेव्हा नव्हती. वेदना सहन करत ते काही वेळ मैदानात राहिले. पण पहिल्या बारा मिनिटांतच इटली तीन गोलने मागे पडला होता. उरलेल्या दहा जणांनी झुंज देऊन सामना 2-3 पर्यंत आणला. इतरांना जायबंदी करणाऱ्या खेळाडूवर त्या दिवशी तीच वेळ आली.

पोझ्झो यांच्या युक्तिवादाचा दुसरा अर्थ 1935 मध्ये उघड झाला. इटलीने इथिओपियावर आक्रमणाची तयारी चालवली असताना रोमा क्लबचे ग्वाइता आणि त्यांचे दोन अर्जेंटिनी सहकारी सैन्यभरतीच्या भीतीने फ्रान्समार्गे पळून गेले. वर्षभरापूर्वी विश्वविजेते म्हणून गौरवलेल्या ग्वाइता यांना इटालियन वृत्तपत्रांनी देशद्रोही ठरवले. ओर्सीही अर्जेंटिनाला परतले. मोंती मात्र ट्यूरिनमध्येच राहिले. 1936 पर्यंत ते इटलीकडून खेळले. अर्जेंटिनाकडून 16 आणि इटलीकडून 18 सामने, अशी त्यांच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीची जवळजवळ समसमान विभागणी आहे.

निवृत्तीनंतर त्यांनी इटलीत प्रशिक्षक म्हणून काम केले. युव्हेंटसची धुराही काही काळ वाहिली. अखेर ते मायदेशी परतले. 9 सप्टेंबर 1983 रोजी ब्युनोस आयर्स प्रांतातील एस्कोबार येथे वयाच्या 82 व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

नियम बदलले, प्रश्न उरला

मोंती यांच्यानंतरही आल्फ्रेदो दी स्तेफानो, फेरेंक पुश्कास, जोझे आल्ताफिनी अशा नामवंतांनी दोन देशांची जर्सी घातली. 1960 च्या दशकात आंतरराष्ट्रीय महासंघाने हा मार्ग रोखला. एकविसाव्या शतकात नियम टप्प्याटप्प्याने सैल झाले. 2020 च्या बदलानुसार वरिष्ठ संघाकडून मोजकेच सामने खेळलेल्या खेळाडूला काही अटींवर देश बदलता येतो. पण विश्वचषकात खेळलेल्याला ती मुभा नाही. आजच्या नियमांनुसार मोंती इटलीकडून खेळूच शकले नसते. दुसरीकडे, 2022 च्या विश्वचषकात उपांत्य फेरी गाठणाऱ्या मोरोक्कोच्या 26 पैकी 14 खेळाडूंचा जन्म परदेशात झाला होता.

भारतात हा प्रश्न वेगळ्या रूपात आहे. आपली राज्यघटना दुहेरी नागरिकत्व मानत नाही आणि भारतीय पारपत्राशिवाय राष्ट्रीय संघात खेळता येत नाही. पुणे एफसीकडून खेळणाऱ्या, जपानमध्ये जन्मलेल्या अराता इझुमी यांनी जपानी नागरिकत्व सोडले, तेव्हाच 2013 मध्ये ते भारताकडून खेळू शकले. पोर्तुगीज नागरिकत्व घेणाऱ्या गोव्यातील खेळाडूलाही भारतीय जर्सीचा हक्क सोडावा लागतो. एक देश निवडायचा म्हणजे दुसरा गमवायचा, हा हिशेब येथे अधिक रोखठोक आहे.

मोंती यांनी इटली निवडली की इटलीने त्यांना विकत घेतले, यावर दोन्ही देशांत वाद होत राहिले. अर्जेंटिनाने 1978 मध्ये पहिला विश्वचषक जिंकला, तेव्हा ते हयात होते. 29 जून 1982 रोजी बार्सिलोना येथे इटलीने अर्जेंटिनाला 2-1 असे हरवले, तेव्हाही ते हयात होते. त्या दिवशी दिएगो मॅराडोना यांना जखडून ठेवणारे क्लाउदिओ जेंतिले हे युव्हेंटसचे खेळाडू होते आणि त्यांचा जन्म लिबियातील त्रिपोली येथे झाला होता. इटलीने पुढे ती स्पर्धा जिंकली. निधनापूर्वी आपले दोन्ही देश विश्वविजेते झालेले मोंती यांनी पाहिले. यांपैकी इटलीच्या विजेतेपदांच्या यादीत त्यांचे स्वतःचे नावही आहे.