सिसिली सॉन्डर्स

डेम सिसिली सॉन्डर्स (२२ जून, १९१८ - १४ जुलै, २००५) या ब्रिटिश परिचारिका, समाजसेविका व डॉक्टर होत्या. मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषेला शास्त्रीय बैठक देणाऱ्या आधुनिक हॉस्पिस चळवळीच्या त्या प्रवर्तक मानल्या जातात.

जीवन

सॉन्डर्स यांचा जन्म इंग्लंडमधील बार्नेट येथे झाला. ऑक्सफर्डचे शिक्षण अर्धवट सोडून दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकेचे प्रशिक्षण घेतले. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडावे लागल्यावर त्या रुग्णालयीन समाजसेविका झाल्या. या काळात डेव्हिड टाझ्मा या कर्करोगग्रस्त पोलिश ज्यू निर्वासिताशी त्यांचा स्नेह जुळला. मरणासन्नांसाठी शांत निवारा असावा, ही कल्पना दोघांच्या संभाषणांतून आकारास आली. १९४८ साली मृत्यूपूर्वी टाझ्मा यांनी त्या वास्तूतील एका खिडकीसाठी ५०० पौंड ठेवले.

शल्यचिकित्सक नॉर्मन बॅरेट यांच्या सल्ल्यावरून सॉन्डर्स वैद्यकशास्त्राकडे वळल्या आणि १९५७ साली डॉक्टर झाल्या.

कार्य

लंडनच्या सेंट जोसेफ हॉस्पिसमध्ये १९५८ पासून त्यांनी वेदनाशमनाचा अभ्यास केला. वेदना असह्य होईपर्यंत थांबून मग औषध देण्याची तेव्हा रीत होती. सॉन्डर्स यांनी ठरावीक वेळी, वेदना परतण्यापूर्वीच मॉर्फीनसारखी औषधे देण्यावर भर दिला. वेदना शारीरिक, मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक अशी चतुर्विध असते, हा 'समग्र वेदना' विचार त्यांनी मांडला. १९६७ साली लंडनच्या सिडनहॅम भागात त्यांनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले. टाझ्मा यांच्या नावे ठेवलेली खिडकी तेथे आहे. १९६९ पासून संस्थेने घरोघरी सेवा पुरवण्यास प्रारंभ केला.

हॉस्पिस सेवेची वेळ

हॉस्पिस म्हणजे केवळ अखेरच्या काही दिवसांचा आसरा, हा समज आजही आढळतो. त्यामुळे अनेक कुटुंबे फार उशिरा मदत मागतात. वृद्ध रुग्ण वारंवार रुग्णालयात दाखल होऊ लागणे, वजन व भूक सतत घटणे, बराच काळ अंथरुणात जाणे, आंघोळ-जेवणासाठी दुसऱ्यावर अवलंबून राहणे, वेदना वा धाप आटोक्यात न येणे आणि उपचारांचा लाभ कमी व त्रास अधिक होणे, ही सर्वसाधारण लक्षणे होत. ती एकत्र दिसू लागल्यास डॉक्टरांशी व शक्यतो स्वतः रुग्णाशी या सेवेविषयी बोलणे इष्ट ठरते. हॉस्पिस स्वीकारणे म्हणजे शुश्रूषा थांबवणे नव्हे. तिचे उद्दिष्ट तेवढे बदलते.

सन्मान व वारसा

सॉन्डर्स यांना १९८१ साली टेम्पलटन पुरस्कार, तर १९८९ साली 'ऑर्डर ऑफ मेरिट' हा बहुमान मिळाला. भारतात या धर्तीवरील पहिली संस्था, शांती अवेदना सदन, १९८६ साली मुंबईत स्थापन झाली. स्वतः कर्करोगग्रस्त झालेल्या सॉन्डर्स यांचे निधन त्यांनीच उभारलेल्या सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिसमध्ये झाले.