निवृत्तीनंतरचे महर्षी कर्वे



धोंडो केशव कर्वे हे नाव विधवाविवाह आणि हिंगण्याचा आश्रम या दोन गोष्टींमुळे तुम्हांला परिचित असेल. या पाठात त्यांच्या चरित्राचा उत्तरार्ध अधिक विस्ताराने पाहावयाचा आहे. १९१४ मध्ये, वयाच्या ५६ व्या वर्षी, ते फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले आणि त्यानंतर ४८ वर्षे जगले. महिला विद्यापीठ, ग्रामशिक्षण आणि समता संघ ही तिन्ही कार्ये या दुसऱ्या कालखंडातील आहेत.

पूर्वायुष्य थोडक्यात ध्यानात घ्या. जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणातील शेरवली येथे झाला. बालपण मुरूडला गेले. एका परीक्षेसाठी ते मुरूडहून साताऱ्यापर्यंत पायी गेले. परंतु वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. १८८४ मध्ये गणित विषय घेऊन ते पदवीधर झाले. १८९१ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांच्या निमंत्रणावरून ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू लागले. त्याच वर्षी पत्नी राधाबाई निवर्तल्या. १८९३ मध्ये त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाई या विधवेशी विवाह केला. त्याच पुढे आनंदीबाई कर्वे. मुरूडच्या समाजाने या दांपत्यावर बहिष्कार घातला.

१८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापन झाला आणि लवकरच पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. महाविद्यालयातील तास आटोपून चिखलवाटेने हिंगण्याला पायी जाणे हा कर्वे यांचा नित्यक्रम होता. स्वतःच्या विम्याची रक्कमही त्यांनी आश्रमाकडे वळवली. त्यावरून आनंदीबाईंशी झालेला खटका त्यांच्या ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रामुळे कळतो. पतीच्या त्यागाची किंमत संसाराला द्यावी लागते, ही बाजू चरित्रकार बहुधा दोन ओळींत उरकतात. म्हणून ते पुस्तक तुम्ही अवश्य वाचावे.

आश्रमातील विद्यार्थिनी कोण होत्या, याकडेही लक्ष द्या. त्यांपैकी अनेकींनी अक्षरओळखीचे वय मागे टाकले होते. आनंदीबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले याही अशाच. वैधव्यानंतर शिकून त्या आश्रमाच्या आधारस्तंभ झाल्या आणि चाळिशी उलटल्यावर इंग्रजी शिकण्यासाठी व निधी जमविण्यासाठी अमेरिकेत गेल्या. प्रौढ वयात शिक्षण पुन्हा हाती घेणाऱ्या तुमच्यासारख्यांना त्यांचे हे धाडस अधिक चांगले समजेल.

निवृत्तीच्या सुमारास जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका कर्वे यांच्या वाचनात आली. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी स्त्रियांच्या स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये विद्यापीठ सुरू केले. येथे भाषेच्या अभ्यासकाने थोडे रेंगाळावे असे आहे. उच्च शिक्षणाचे माध्यम मातृभाषा राहील, असे या विद्यापीठाने ठरविले. इतरत्र महाविद्यालयीन अध्यापन इंग्रजीतून चालत असताना मराठीतून शास्त्रीय विषय शिकवावयाचे, म्हणजे पाठ्यपुस्तके आणि परिभाषा यांची तयारीही करावयाची. पदव्यांची नावेसुद्धा देशी घडणीची होती: ‘गृहीतागमा’ आणि ‘प्रदेयागमा’. आगम म्हणजे शास्त्र. पहिली ते ग्रहण केलेली, दुसरी ते इतरांना देऊ शकणारी. दोन्ही बहुव्रीही समास आहेत आणि दोन्ही स्त्रीलिंगी, हे व्याकरणाच्या विद्यार्थ्याच्या नजरेतून सुटू नये.

तथापि इंग्रजी हा विषय अनिवार्य ठेवण्यात आला. महात्मा गांधींना मातृभाषेचा आग्रह मान्य होता. इंग्रजीची सक्ती मान्य नव्हती. कर्वे यांनी मत बदलले नाही. माझ्या मते त्यांचा निर्णय व्यवहार्य होता. बाहेरच्या जगाचे दार त्यांना मुलींसाठी बंद करावयाचे नव्हते.

सरकारी मान्यता मात्र नव्हती. या पदवीवर सरकारी नोकरीची आशा धरता येत नसे. अशा पदवीसाठी मुलीला कशाला पाठवावे, हा पालकांचा प्रश्न खोटा म्हणता येत नाही. पैशाची विवंचना १९२० मध्ये काहीशी मिटली. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी मातोश्रींच्या स्मरणार्थ १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. सत्तरी ओलांडल्यानंतर कर्वे यांनी विद्यापीठाचे कार्य सांगत युरोप, अमेरिका, जपान व आफ्रिका येथे प्रवास केला.

१९३६ मध्ये विद्यापीठाचे मुख्य कार्यालय पुण्याहून मुंबईला गेले. कर्वे तेव्हा ७८ वर्षांचे होते. त्याच वर्षी त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. लोकल बोर्डाची शाळा नाही अशा खेड्यांत प्राथमिक शाळा उघडणे आणि प्रौढांची वाचनाची सवय टिकविणे, हा मंडळाचा उद्देश. विद्यापीठाचा संस्थापक पुण्यात दारोदार हिंडून शाळांसाठी लहानसहान वर्गणी गोळा करू लागला.

आरंभीचा आश्रम मुख्यतः ब्राह्मण विधवांपुरता मर्यादित होता, ही त्यावरील टीका रास्त आहे. कर्वे समाजाच्या सहनशक्तीचा अंदाज घेत पाऊल टाकीत. याच कारणास्तव त्यांनी विधवाविवाहाची चळवळ आश्रमापासून अलग ठेवली. परंतु एका संस्थेत कोणाला जागा नाही, हे त्यांना दिसत असावे. कारण पुढचे काम प्रत्येक वेळी त्या वगळलेल्यांकडे वळते. विधवांकडून सर्व मुलींकडे, शहरातून खेड्याकडे. १९४४ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, त्यांनी जातिभेद नष्ट व्हावा म्हणून समता संघ स्थापन केला. समता संघ आश्रमाइतका रुजला नाही. अभ्यासकांनीही त्याची फारशी दखल घेतलेली नाही.

१९५० मध्ये आनंदीबाई निवर्तल्या. १९५१ मध्ये विद्यापीठाला कायद्याने मान्यता मिळाली. स्थापनेला ३५ वर्षे झाली होती आणि संस्थापक ९३ वर्षांचे होते. १९५८ मध्ये, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न देण्यात आले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. हिंगण्याचा तो परिसर आज कर्वेनगर म्हणून ओळखला जातो. आश्रमाची पहिली झोपडी संस्थेने तेथे जतन करून ठेवली आहे.