भेसळीशी झुंजणारे डॉ. वायली

बिस्किटांचा पुडा घेताना त्यात काय काय घातले आहे, हे आज वेष्टनावर वाचता येते. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत ती सोय नव्हती. दूध नासू नये म्हणून त्यात फॉर्माल्डिहाइड मिसळत, लोणी व मांस टिकवण्यासाठी बोरॅक्स वापरत आणि मध म्हणून ग्लुकोजचा पाक खपवत. सर्व खाद्यपदार्थांना देशभर लागू होईल असा कायदाच नसल्याने फसलेल्या ग्राहकाला दाद मागायला जागा नव्हती. हे चित्र बदलण्यात मोठा वाटा होता डॉ. हार्वे वायली यांचा.

त्यांचा जन्म १८४४ मध्ये इंडियाना राज्यातील एका शेतकरी कुटुंबात झाला. वैद्यकाची पदवी घेऊनही ते रसायनशास्त्राकडे वळले आणि पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक झाले. १८८३ मध्ये ते वॉशिंग्टनला कृषी खात्याचे मुख्य रसायनतज्ज्ञ म्हणून रुजू झाले. दूध, मसाले, मध, मद्य अशा पदार्थांतील भेसळ त्यांनी तपासून प्रसिद्ध केली. पण उत्पादकांच्या दबावापुढे कायद्याची विधेयके बारगळत राहिली.

अन्न टिकवणारी ही रसायने पोटात जाऊन नेमके काय करतात, याचा पुरावा हवा होता. १९०२ मध्ये वायली यांनी कार्यालयाच्या तळघरात स्वयंपाकघर थाटले आणि बारा धडधाकट तरुण स्वयंसेवकांना तेथे जेवू घातले. सुरुवात बोरॅक्सपासून झाली. ते लोण्यात आहे हे कळताच तरुण लोणी टाळू लागले, तेव्हा ते कॅप्सूलमधून देण्यात आले. वजन, नाडी, तापमान यांची रोज नोंद होई. डोकेदुखी, पोटदुखी, भूक मंदावणे असे त्रास दिसू लागले. वृत्तपत्रांनी या तरुणांना ‘विषपथक’ म्हणून प्रसिद्धी दिली आणि भेसळ हा घराघरांतला विषय झाला.

महिला संघटनांनी कायद्याची मागणी लावून धरली. अप्टन सिंक्लेअर यांच्या कादंबरीतील कत्तलखान्यांच्या वर्णनाने लोक हादरले. अखेर ३० जून १९०६ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शुद्ध अन्न व औषध कायद्यावर सही केली. औषधात अफू, कोकेन किंवा अल्कोहोल असल्यास ते लेबलवर लिहिणे बंधनकारक झाले.

वायली यांचे सारेच निष्कर्ष टिकले नाहीत. त्यांचे प्रयोग आजच्या शास्त्रीय व नैतिक निकषांवर उतरणार नाहीत. त्यांनी विरोध केलेले सोडियम बेंझोएट आज ठरावीक मर्यादेत चालते. बोरॅक्स आणि फॉर्माल्डिहाइड अन्नात घालण्यास मात्र भारतातही मनाई आहे.

कायदा झाला तरी अंमलबजावणीवरून वरिष्ठांशी खटके उडत राहिले. १९१२ मध्ये राजीनामा देऊन ते ‘गुड हाउसकीपिंग’ मासिकाच्या प्रयोगशाळेत गेले आणि गृहिणींसाठी बाजारातले पदार्थ तपासत राहिले. ३० जून १९३० रोजी, कायद्यावर सही झाल्याला बरोबर २४ वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, त्यांचे निधन झाले.