बंगई, सागवान आणि कॅप्टन फोर्सिथ

महालातला आमचा वाडा पाडायचं ठरलं आणि दारात पहिला उभा राहिला तो जुन्या लाकडाचा व्यापारी. दारं, तुळया, खांब असा सगळा हिशेब त्यानं पाच मिनिटांत केला. आत्याबाई मात्र बंगईवरून उठायलाच तयार नव्हत्या! आजेसासऱ्यांच्या वेळचं ते सागवान, अजून कीड म्हणून लागलेली नाही. हे लाकूड आलं असेल कुठून, हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला. शोधता शोधता भेटला एक गोरा साहेब, जेम्स फोर्सिथ.

नाव अनोळखी वाटेल, पण पचमढीला गेलेल्या प्रत्येकीनं त्याचं घर पाहिलंय. तिथला बायसन लॉज यानंच बांधला. आपल्याकडून नागपंचमीला नागद्वारच्या यात्रेला माणसं निघतात, त्याच डोंगरांत हा माणूस घोड्यावरून, पायी हिंडला.

फोर्सिथचा जन्म १८३८चा. शिक्षण एम. ए. पर्यंत. मग हिंदुस्थानात येऊन लष्करात आणि जंगल खात्यात नोकरी. भोसल्यांचं राज्य तोवर खालसा झालेलं. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला, राजधानी नागपूर. कमिशनर रिचर्ड टेम्पल यांच्या हाताखाली या तरुणानं १८६२ ते १८६४ अशी दोन वर्षं सातपुडा पालथा घातला, थेट अमरकंटकपर्यंत.

तो पक्का शिकारी होता, हे लपवण्यात अर्थ नाही. पण नजर अभ्यासकाची. सालाचं मोठं जंगल पूर्वेकडे मंडल्याच्या बाजूला, मधे सगळा सागाचा मुलूख आणि पचमढीला पुन्हा सालाचं एक सुटं बेट, हे त्यानं टिपलं. त्या बेटाबरोबर बारशिंगाही तिथे सापडतो, हेसुद्धा.

आणि त्यानं पाहिली ती तोड. रेल्वे येणार होती ना! एका मैलाच्या रुळांखाली सुमारे दोन हजार स्लीपर लागत. ठेकेदार जंगलात घुसले आणि दिसेल तो साग आडवा केला. पुष्कळसं लाकूड तर बाहेर नेताच आलं नाही. तिथेच कुजलं, वणव्यात जळलं. कापण्याआधी नेणार कसं, याचा विचारच कुणी केला नव्हता. १८६७ मध्ये नागपूरला गाडी आली तेव्हा गावाला किती अप्रूप वाटलं असेल. त्यामागची ही किंमत कुणाला दिसली असेल?

मग सरकार जागं झालं. १८६४ मध्ये जंगल खातं देशभरासाठी उभं राहिलं. १८६५ मध्ये पचमढीजवळचं बोरी राखीव झालं, देशातल्या सगळ्यात जुन्या राखीव जंगलांपैकी एक. इथवर वाचून मला बरं वाटलं होतं. पण पुढचं पान उलटलं आणि घशात काही तरी अडकलं. हा मुलूख हर्राकोटच्या भभूतसिंगाचा. तात्या टोप्यांना साथ दिली म्हणून इंग्रजांनी त्याला फासावर चढवलं, जमीन जप्त केली. त्या जप्तीतून हे राखीव जंगल उभं राहिलं. म्हणजे झाडं वाचली, पण झाडांची माणसं परकी झाली.

फोर्सिथही यातून सुटत नाही. गोंड, कोरकू झाडं तोडून, जाळून त्या राखेत पेरणी करायचे. जंगलनाशाचा मोठा दोष त्यानं त्या दाह्या शेतीवरही ठेवला. दुसरीकडे सावकार आणि दारूवाले आदिवासींना कसे नागवतात, हेही त्यानं लिहिलं. आपल्या नागपूरच्या हिस्लॉप पाद्र्यांनी जमवलेली गोंडांची लिंगोची कथा त्यानं इंग्रजी पद्यात बांधली. माणूस एकरंगी नसतो, हेच खरं.

१ मे १८७१ रोजी लंडनमध्ये तो गेला. वय अवघं तेहतीसच्या आसपास. सातपुड्यावरचं त्याचं पुस्तक त्याच वर्षी आलं.

गंमत बघा, बोरीच्या एकच वर्ष आधी, १८६४ मध्ये, अमेरिकेतही योसेमिटीजवळची रेडवूडच्या कुळातली प्रचंड झाडं राखायचा कायदा झाला. तिथेही मूळ रहिवाशांना आधीच हुसकावलेलं होतं. आपल्याकडे वनहक्क कायदा यायला २००६ उजाडलं. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये त्याच्या जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. मधे जवळजवळ दीडशे वर्षं गेली.

वाडा गेला. बंगई मात्र आम्ही विकली नाही, फ्लॅटच्या गॅलरीत टांगली. आत्याबाई दुपारी त्यावर डुलतात. मी बसते तेव्हा हात आपोआप त्या गुळगुळीत फळीवरून फिरतो. हा साग कोणत्या डोंगरातला, कुणी तोडला, कुणाच्या अंगणातला, काही कळायला मार्ग नाही. पण तो फुकट आला नव्हता, एवढं आता मला माहीत आहे.